इस्त्रीच्या खिडकीतला कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. मित्रांनो, पुढे गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी नरसाळं नाही. इस्त्रीच्या या खिडकीशेजारी मला खिळ्याला टांगलेला पाहून नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे नरसाळं कशाला हो इथं?" एकानं तर मला उलटा करून आत डोकावून पाहिलं आणि तेलाचा वास येतो का ते हुंगलं. माझा नुसता जळफळाट झाला. माझं एक तोंड अरुंद, दुसरं रुंद आणि मधे धरायला कडी आहे. एके काळी माझ्यातून आवाज निघाला की भरल्या बाजारात माणसं जागच्या जागी थबकत. आता एका वेळी एकच माणूस माझ्यातून बोलतो आणि एकच ऐकतो. हे कसं झालं, ते सांगतो.

माझा जन्म बाजारामागच्या एका अंधाऱ्या दुकानात झाला. तिथे एक कारागीर दिवसभर पत्र्याचे डबे, चाळण्या आणि कंदील ठोकत बसलेला असे. एके दिवशी दारात एक उंच, काटकुळा माणूस येऊन उभा राहिला. तो सुवार्तिक होता. ख्रिस्ताची सुवार्ता लोकांना सांगत फिरणं हेच त्याचं काम. बोलून बोलून त्याचा घसा पार बसला होता.

"मला एक बोलायचा कर्णा करून द्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

कारागिरानं हातोडी खाली ठेवली. "का हो? तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का?"

"देवाला नाही हो. बाजाराला."

कारागीर खो खो हसला. त्याला हा माणूस आवडला असावा, कारण त्यानं माझ्यासाठी जाड पत्रा काढला. कात्रीनं माझा आकार कापला, लाकडी ठोकळ्यावर मला गोल वळवलं आणि कथील वितळवून माझा सांधा जोडला. अरुंद तोंडाची कड त्यानं दुमडून इतकी गुळगुळीत केली, की ओठाला कधी ओरखडा म्हणून गेला नाही. शेवटी त्यानं मला तोंडाला लावून स्वतःच्याच बायकोला हाक मारली. ती आतून म्हणाली, "मेले मी! ओरडता काय?" मी चांगला जमलो आहे, हे सगळ्यांना तेव्हाच कळलं.

सुवार्तिक मला घेऊन रोज संध्याकाळी बाजाराच्या चौकात उभे राहू लागले. आधी एक गाणं म्हणायचे, मग बोलायचे. थोड्याच दिवसांत चौकातल्या लोकांनी त्यांचं नाव कर्णेकाका ठेवलं. ते नाव माझ्यामुळे पडलं, हे मी विनयानं नमूद करतो.

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. काका म्हणत, "लेकराचा ताप उतरला की आई दारात येऊन शेजारणीला सांगते. तिला कुणी सांग म्हणून बजावावं लागत नाही. माझंही तसंच आहे. देव आपल्याला शोधत आला, त्यानं आपल्याला क्षमा केली, हे मला कळलं. आता गप्प कसा बसू?" ऐकणाऱ्यानं लगेच मान डोलावली पाहिजे, असा त्यांचा हट्ट नसे. कुणी टिंगल करी, कुणी मुद्दाम सायकलची घंटी वाजवत पुढून जाई. काका हसून त्याला वाट देत. बातमी देणं आपलं काम, मन वळवणं आपल्या हातात नाही, असं ते म्हणत. मला खुंटीला अडकवून ते दवाखान्यातही जात. तिथे मात्र ते फारसं बोलत नसत, असं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, तोंडून मी ऐकलं आहे. रोग्याला पाणी पाजायचे, उशी नीट करायचे, त्यानं म्हटलं तरच प्रार्थना करायचे. एखाद्याला मदत केली, तर त्या दिवशी त्याच्यापुढे ते धर्माचं अवाक्षर काढत नसत. "देणं वेगळं आणि सांगणं वेगळं," असं ते काकूंना म्हणत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मला चौक आवडायचा.

ते माझे वैभवाचे दिवस होते. काकू मला राखेनं घासून लख्ख करत. त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या सुवार्तिकांसारखा आवाज आसपास कुणाचा नाही." काकांनी मान खाली घातली, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. खरं सांगतो, मीही फुगलो होतो.

तेव्हापासून काका गर्दीकडे बघू लागले. आज माणसं किती, कालच्यापेक्षा कमी की जास्त, याकडे त्यांचं लक्ष जाऊ लागलं. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शिकवणीचं काही बोललं की माणसं चुळबुळ करत आणि निघून जात. पण कुणावर कोसळलेलं खरंखुरं संकट सांगायला लागलं की हातगाडीवालासुद्धा गाडी टेकवून उभा राही. त्यांच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आपल्याला कसं सावरलं, हे ज्याचं त्यानं उपासनेत उभं राहून सांगायचं. तिथे सगळी आपली माणसं असतात, डोळे पुसायला शेजारी कुणीतरी असतं. काका आता या साक्षी उचलून चौकात आणू लागले. नाव तेवढं ते गाळत. नाव गाळलं की झालं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

चौकाच्या कोपऱ्यावर, बरोबर आमच्यासमोर, इस्त्रीवाल्या ताईंची खिडकी होती. हीच ती खिडकी. आत कोळशाची जड इस्त्री, पाणी शिंपडायचा तांब्या आणि घड्या घातलेल्या कपड्यांचे ढीग. ताईंचा नवरा कधीच वारला होता. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली आजी म्हणायची. आजींना ऐकू येत नसे. अगदी कानाशी ओरडलं तर दहातला एखादा शब्द आत जाई, बाकीचे बाहेरच राहत. त्या खिडकीशी बसून रुमालांच्या घड्या घालत आणि रस्त्यावरच्या लोकांचे हलणारे ओठ बघत हसत.

ताईंचा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात कामाला आहे, असं सगळे समजत होते. आजींना तर ते पक्कं ठाऊक होतं. "आमचं पिलू मोठ्या गोदामात आहे," त्या येईल त्याला सांगत. पिलू चांगला मिशीवाला बाप्या होता, पण आजींना त्याचं काय. गोदाम खरं होतं. पण पिलूनं त्या गोदामातला माल चोरून विकला होता आणि तो तुरुंगात होता. ताईंनी हे पोटात ठेवलं होतं. एकदाच, मंडळीच्या बायकांच्या प्रार्थनेत, त्यांचा बांध फुटला आणि त्यांनी ते सांगितलं. काका तिथे प्रार्थनेला बोलावलेले होते. हे सगळं मी तुम्हाला सांगतो आहे, कारण ताई आता खिडकीत येणाऱ्या कुणालाही ते स्वतःच सांगतात. नाहीतर मी तोंडाला कुलूप लावून बसलो असतो.

त्या संध्याकाळी चौकात बाजाराची गर्दी होती. काकांचा सूर चांगला लागला होता. मी त्यांच्या ओठांशी होतो आणि त्यांचा श्वास मला गरम लागत होता.

"लांब कशाला जायचं!" काका गरजले. "याच चौकात एक माउली आहे. दिवसभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढते. तिच्या काळजातल्या सुरकुत्या कुणी पाहिल्या? तिचा मुलगा चोरी करून तुरुंगात बसला आहे. पण प्रभूनं तिला शांती दिली!"

मित्रांनो, त्या चौकात इस्त्री करणारी बाई एकच होती.

एकेक करत सगळी डोकी खिडकीकडे वळली. ताईंच्या हातातली इस्त्री तशीच वर राहिली.  आजींना कळेना, की सगळा बाजार आज आपल्याकडे का बघतो आहे. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे हसून हात हलवला. ताईंनी इस्त्री खाली ठेवली आणि खिडकी लावून घेतली. काकांनी शेवटचं गाणं म्हटलं, पण ते कुणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "हे काय करून बसलात?"

"मी नाव कुठं घेतलं?" काका म्हणाले. "आणि खोटं का होतं ते? तिचा विश्वास बघून कुणाला तरी धीर आला असेल."

"धीर कुणाला आला ते मला नाही माहीत. तिच्या घराची अब्रू तुम्ही चव्हाट्यावर आणलीत, एवढं दिसलं मला."

काका जेवले नाहीत. पण माणसाला आपली चूक लगेच कुठे दिसते? पुढचे काही दिवस ते चौकात जात राहिले आणि दिसत गेलं ते त्यांना. ताईंची खिडकी अर्धवटच उघडी असे. चोराच्या घरी आपले कपडे कशाला, असं म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. ताई उपासनेला येईनाशा झाल्या. काकू भेटायला गेल्या तेव्हा ताईंनी त्यांना दारातूनच सांगितलं, "आम्ही ही जागा सोडतोय. कुणीतरी एक दिवस आईंच्या कानाशी जाऊन ओरडेल. त्याच्या आत मला त्यांना घेऊन जायचंय."

हे ऐकल्यावर काकांनी मला दारामागच्या खुंटीवर टांगलं आणि चौकात जाणं बंद केलं. माझ्या रुंद तोंडात कोळ्यानं ऐसपैस घर केलं. सांध्यावर गंज धरला. लोखंडाला गंज चढतो तेव्हा दुखत नाही, असं तुम्हाला वाटत असेल, पण निरुपयोगी होण्याचं दुःख पत्र्यालाही होतं. मला खरं तर काकांचा राग आला होता. बोललं त्यांनी आणि फासावर मी!

एके सकाळी काकांनी मला खाली उतरवलं. "कारागिराला देऊन टाकतो," ते काकूंना म्हणाले. "तोडून एखादा डबा करील. मी आता कुणाला काही सांगणार नाही. सुवार्ता सांगायची माझी लायकी नाही."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "चांगली बातमी सांगायचं कशाला सोडता? दुसऱ्याचं दुःख विकायचं सोडा. आणि आधी तिच्या दारी जा. क्षमा क्षमा म्हणून बाजार डोक्यावर घेता, एकदा स्वतः मागून बघा."

काका मला काखेत धरून निघाले. ताईंच्या दारात पोचेपर्यंत त्यांच्या घामानं माझी कडी ओली झाली होती. आत कपड्यांचे ढीग नव्हते. एका कोपऱ्यात गाठोडी बांधून ठेवली होती. ताई उंबऱ्याशी आल्या, पण आत या म्हणाल्या नाहीत. आजी आपल्या जागी खिडकीशी बसल्या होत्या.

"ताई, मी चुकलो," काका म्हणाले. इतक्या बारीक आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "लोक थांबावेत म्हणून मी तुमचं दुःख वापरलं. देवाचं नाव पुढे केलं, पण मला गर्दी हवी होती. मला क्षमा करा. नाही केलीत, तरी मी समजून घेईन."

 ताई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते खोटं नव्हतं, काका. मला मिळालीय शांती. त्याच्या जोरावरच मी रोज उठते. पण ते माझं होतं. मी सांगितलं असतं कधीतरी. मला जमेल तसं, मला वाटेल त्याला. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत."

 काका तिथेच उंबऱ्यावर बसून रडू लागले आणि मी त्यांच्या हातातून सुटून घरंगळत आत गेलो, थेट आजींच्या पायाशी.

आजींनी मला उचललं. खिडकीतून ओळखीचा होतोच मी त्यांच्या. त्यांनी माझ्यातलं कोळिष्टक पदरानं पुसलं, मला उलटसुलट करून पाहिलं आणि काय मनात आलं कोण जाणे, माझं अरुंद तोंड कानाला लावलं. रुंद तोंड सुनेकडे केलं. "तो माणूस का रडतोय गं?" त्यांनी विचारलं. "आणि गाठोडी कशाला बांधलीस? मला कुणी काही सांगतच नाही. यातून सांग बघू."

आजवर माझ्या अरुंद तोंडाशी ओठ आले होते, कान कधी आला नव्हता. तो कान सुरकुतलेला होता.

ताई जागच्या हलल्या नाहीत. काका उठून म्हणाले, "मी जातो." ताईंनी हातानंच त्यांना थांबवलं. मग त्या आजींसमोर जमिनीवर बसल्या, माझ्या रुंद तोंडाशी चेहरा आणला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आई."

आजी दचकल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. "ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "अगं, तुझा आवाज असा आहे होय!"

आणि मग ताईंनी सगळं सांगितलं. गोदामातली चोरी, पोलीस, तुरुंग. पिलूच्या नावानं आपण आजींना सांगितलेल्या खोट्या खुशालीसुद्धा. मधे त्यांचा आवाज फुटला की मी त्यांच्या हुंदक्यानं थरथरत होतो. सांगून झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, आता ही म्हातारी कोसळणार.

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "तिथं थंडी असते का गं? त्याला पांघरायला काही दिलंय का कुणी?"

ताईंनी मान हलवली. माहीत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. घरातलं कुणी त्याला भेटायला गेलंच नव्हतं.

"आणि तू एवढे दिवस हे एकटीनं ओढलंस?" आजींनी सुनेचा हात पकडला. "माझ्यासमोर हसत होतीस, कपडे करत होतीस. हे कशाच्या बळावर केलंस? सांग मला. खरं सांग."

ताईंनी एकदा काकांकडे पाहिलं. काका खाली बघत होते. इतकी वर्षं माझ्यातून ज्या प्रश्नाचं उत्तर ते बाजाराला देत आले होते, तो प्रश्न कुणी आपणहून विचारताना मी पहिल्यांदाच ऐकला. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असणार. पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

ताईंनी उत्तर दिलं. त्यांचे शब्द साधे होते, पुष्कळदा अडखळले. येशू मला कसा भेटला, पोराला शिव्या देत झोपणारी मी त्याच्यासाठी प्रार्थना कशी करू लागले, देव माझ्या पिलूला अजून आपला म्हणतो हे कळल्यावर छातीवरचा दगड कसा उतरला, एवढंच त्या बोलल्या. चौकात उभं राहून सांगितलं असतं, तर दहा माणसंही थांबली नसती. पण आजी एकेक शब्द टिपत होत्या. शेवटी त्यांनी मला कानापासून काढलं आणि म्हणाल्या, "मला हे रोज थोडं थोडं सांगत जा. आणि ती गाठोडी सोड आधी. कुठं जायचं नाही. पिलू सुटून आला तर घर कुठं शोधेल?"

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ प्रवचनं पेलली आहेत, मित्रांनो. त्या दुपारी सुवार्ता म्हणजे काय, ते मला समजलं.

काकांनी मला तिथेच ठेवलं. निघताना ताई त्यांना म्हणाल्या, "मी क्षमा केली, काका. लोकांना तेवढं सांगितलंत तरी चालेल." दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातांनी चौकात गेले आणि आपल्या बसक्या आवाजात एवढंच म्हणाले, की मी एका बाईची गोष्ट तिला न विचारता तुम्हाला सांगितली, ते पाप होतं, आणि तिनं मला क्षमा केली आहे. इतकी वर्षं त्यांनी क्षमेवर भाषणं दिली होती. स्वतःची गोष्ट सांगण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. हातगाडीवाला गाडी टेकवून उभा राहिला. त्याच आठवड्यात त्यानं आपले मळके सदरे ताईंच्या खिडकीत आणून टाकले.

मग काका आणि ताई एक जाड पांघरूण घेऊन तुरुंगात जाऊन आले. पुढे ते जातच राहिले. कधी ताईंना जमलं नाही, तर काका एकटे जात. गल्लीतले लोक त्यांना अडवून विचारत, "काय म्हणतो हो तो? सुधारला का? देवाचं नाव घेतो का?" पूर्वीचे काका असते, तर चौकाला महिनाभर पुरेल एवढं सांगितलं असतं. आता ते म्हणत, "तो आला की विचारा त्यालाच."

आणि तो आला. शिक्षा भोगून, मिशी काढून टाकलेला, खाली मान घालून असा पिलू या दारातून आत आला. काका त्याला घ्यायला गेले होते. आजी आता फार थकल्या होत्या, पण त्यांनी हात लांब करून मला खिळ्यावरून काढायला लावलं आणि माझं अरुंद तोंड कानाला लावलं. "बोल," त्या म्हणाल्या.

पिलू त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. काका लगेच उठले, बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. पिलू बोलू लागला. खूप वेळ बोलला. मधे एकदा आजी हसल्या, एकदा रडल्या.

आता आजी नाहीत. त्यांच्या कानानं माझी कड एका बाजूला झिजून चकचकीत झाली आहे. ज्या कारागिरानं मला घडवलं, तोही ठोकाठोकीनं बहिरा झाला आहे. अधूनमधून तो येतो, मला कानाला लावून काकांशी गप्पा मारतो आणि माझा सांधा अजून शाबूत आहे हे बोटानं चाचपून पाहतो. माझ्यावरची धूळ पुसत जा, एवढी माझी स्वतःसाठी विनंती आहे. नरसाळं म्हणालात तरी आता मी मनावर घेणार नाही.

मात्र त्या दिवशी पिलू आजींना काय म्हणाला, हे तुम्हाला ऐकावंसं वाटत असेल. त्याचा शब्द न् शब्द माझ्यातून गेला आहे, एकही मी विसरलेलो नाही. पण तो मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. ते त्याचं आहे. हा बघा, समोर इस्त्री करतो आहे तोच पिलू. त्याच्याजवळ जाऊन बसा. घाई करू नका. त्याला वाटलं तर तो सांगेल, आणि सांगू लागला, तर नीट ऐका.